विद्यार्थ्याला ज्याच्याशी वाद घालता येईल असा निबंध

वाचकाचे पत्र

मी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवते. संस्कृती-अभ्यासाची तोंडओळख करून देणाऱ्या आमच्या अभ्यासक्रमात एखाद्या संस्कृती-समीक्षकाचा एक निबंध सविस्तर वाचायचा असतो आणि त्याची निवड शिक्षकावर सोपवलेली असते. वर्गातील बहुतेक विद्यार्थी साहित्याचे नाहीत. गेल्या सत्रात मी वाल्टर बेन्यामिन यांचा यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयीचा प्रसिद्ध निबंध नेमला होता. दुसऱ्या तासापासूनच वर्ग गप्प झाला आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत माझीच वाक्ये मला परत मिळाली. या वेळी काहीतरी सोपे घ्यावे असे वाटते, पण सहकारी म्हणतात की, सोपे दिले तर विद्यार्थ्यांना विचार करण्याची सवय लागणार कशी? कोणता निबंध घ्यावा? आणि सोपा निबंध घेणे ही विषयाशी केलेली तडजोड ठरेल का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण शेवटी दोन प्रश्न विचारले आहेत, पण मला त्यांच्या आधीचे वाक्य अधिक बोलके वाटले. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आपलीच वाक्ये आपल्याला परत मिळाली, असे आपण लिहिता. हे विद्यार्थ्यांच्या आळसामुळे घडले असे मला वाटत नाही. समीक्षकाचे म्हणणे खरे आहे की नाही हे स्वतः तपासून पाहण्याचे कोणतेही साधन हाताशी नसले, म्हणजे वाचकापुढे एकच वाट उरते. ज्याला ते समजले आहे असे वाटते, त्याचे शब्द तो जसेच्या तसे उचलतो, आणि वर्गात अशी व्यक्ती एकच असते.

बेन्यामिन यांच्या निबंधाच्या थोरवीबद्दल वादच नाही. १९३५-३६ च्या सुमारास परागंदा अवस्थेत लिहिलेला आणि १९३६ मध्ये प्रथम फ्रेंच अनुवादाच्या रूपाने छापला गेलेला हा निबंध आजही विचाराला धार लावतो. पण त्याची रचना कशी आहे ते पाहा. मूळ कलाकृतीचे एका ठिकाणी, एका काळात असलेले अनन्य अस्तित्व, म्हणजे तिचे तेजोवलय, तिच्या प्रती निघू लागल्यावर क्षीण होते, हे त्यातील प्रमुख म्हणणे. ते पटते की नाही हे ठरवायला कलेचा धर्मविधींशी असलेला जुना संबंध, छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळातील व्यक्तिचित्रे, दादावाद्यांचे उद्योग, सोव्हिएत चित्रपट आणि राजकारणाला देखाव्याचे रूप देणारा फॅसिझम, या सगळ्यांशी थोडाफार परिचय लागतो. तो नसेल तर प्रत्येक पायरीवर लेखकावर विश्वास टाकूनच पुढे जावे लागते. त्यातील वाक्येही काही सोपी नाहीत, पण खरी अडचण वाक्यांची नाही. ज्या पुराव्यावर युक्तिवाद उभा आहे तो पुरावा विद्यार्थ्याने कधी पाहिलेलाच नसतो.

म्हणून निवडीची माझी कसोटी एकच आहे. समीक्षक ज्या वस्तूकडे पाहतो ती विद्यार्थ्याच्या परिचयाची असावी, शक्यतो उद्या वर्गात आणून टेबलावर ठेवता येईल इतकी जवळची असावी, आणि समीक्षकाने तिच्याबद्दल केलेले विधान असे असावे की वस्तूकडे पुन्हा एकदा पाहून विद्यार्थ्याला ‘हे खरे आहे’ किंवा ‘हे तितकेसे खरे नाही’ असे स्वतःच्या बळावर म्हणता यावे. पृष्ठसंख्या, वाक्यांची लांबी, परिभाषेचे प्रमाण या गोष्टी दुय्यम आहेत. ज्या निबंधाशी विद्यार्थ्याला वाद घालता येतो तो त्याच्यासाठी सुलभ असतो, मग त्यातील चार शब्द कोशात पाहावे लागले तरी हरकत नाही.

आपल्या सहकाऱ्यांचा आक्षेपही मला निराधार वाटत नाही. विद्यार्थ्याला कष्ट पडलेच पाहिजेत. प्रश्न एवढाच आहे की ते कष्ट कशावर खर्च व्हावेत. विशेषनामे आणि तळटीपा उलगडण्यातच सगळी शक्ती संपली, तर युक्तिवादापर्यंत पोहोचेतो वर्ग थकलेला असतो. उलट, वस्तू ओळखीची असेल तर पहिल्या दहा मिनिटांतच मूळ प्रश्न समोर येतो की, रोज पाहिलेल्या या गोष्टीत हा माणूस जे पाहतो आहे ते आपल्याला का दिसले नव्हते, आणि ते खरोखर तिथे आहे का? विचार करण्याचे खरे कष्ट तिथे सुरू होतात. त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे: ही तडजोड नाही.

निबंध सुचवण्याआधी, सोप्या भासणाऱ्या पण वर्गात फसणाऱ्या दोन निवडींबद्दल सावध करतो. सुझन सोंटॅग यांची ‘कॅम्प’ या, अतिरेकी आणि कृत्रिम गोष्टींतच मौज घेणाऱ्या अभिरुचीवरील १९६४ ची टिपणे पुष्कळ शिक्षकांना मोहात पाडतात, कारण ती क्रमांक घालून दिलेली ५८ छोटी टिपणे आहेत. पण प्रत्यक्षात त्यांतील अनेक टिपणे नाटके, चित्रपट, दिवे, गायिका, कादंबऱ्या यांच्या उल्लेखांनी गच्च भरलेली आहेत आणि तो सगळा संग्रह ज्याच्या डोळ्यांसमोर नाही त्याला क्रमांकांचा काहीच उपयोग होत नाही. स्टुअर्ट हॉल यांचे, संदेश रचला जाणे आणि तो उलगडला जाणे यांवरील विवेचन फार उपयोगाचे आहे, पण ते प्रामुख्याने एक आराखडा मांडते. त्यात टक लावून पाहावी अशी एक वस्तू नाही. ते दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावे.

आता माझी निवड सांगतो. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांच्या ‘मिथॉलॉजीज’ या १९५७ च्या पुस्तकातील खेळण्यांवरील निबंध आपण घ्यावा. तो जेमतेम तीन पानांचा आहे, पण त्याची शिफारस मी लांबीसाठी करत नाही. या पुस्तकातील लेख बार्थ यांनी १९५४ ते १९५६ या काळात साधारण महिन्याला एक या गतीने, त्या त्या वेळच्या घडामोडींच्या निमित्ताने लिहिले. ते तज्ज्ञांसाठी नव्हते, नियतकालिकाच्या वाचकासाठी होते, आणि ही गोष्ट त्यांच्या बांधणीत जाणवते. बहुतेक लेख एका वस्तूपासून किंवा दृश्यापासून सुरू होतात: कुस्तीचा फड, साबणाची पूड, नवी मोटार, नटीचा चेहरा. या सर्वांना मिळून जो सिद्धान्त लागू होतो तो सांगणारा दीर्घ लेख पुस्तकाच्या शेवटी आहे, आणि काही सामाजिक घटनांचा शोध घेतल्यानंतरच आपण तो पद्धतशीरपणे मांडू शकलो असे लेखकाने प्रस्तावनेत म्हटले आहे. वर्गात शिकवण्याचाही हाच क्रम असावा असे मला मनापासून वाटते.

खेळण्यांच्या निबंधात घडते ते असे. बार्थ म्हणतात की, फ्रेंच खेळणी म्हणजे मोठ्यांच्या जगाच्या छोट्या प्रतिकृती आहेत; जणू मूल म्हणजे आकाराने लहान असलेला प्रौढच. मग ते यादी देतात: सैन्य, टपाल, वैद्यक, शाळा, केशरचना, विमानदल, वाहतूक. लघवी करणाऱ्या बाहुलीपाशी ते थांबतात. तिला बाटलीने दूध पाजायचे, तिचे लंगोट बदलायचे, आणि या खेळातून लहान मुलीला भावी आईच्या भूमिकेची सवय लावायची. अशा खेळण्यांपुढे मूल मालक होते, वापरणारे होते, पण निर्माता होत नाही, हा निबंधाचा गाभा. याला अपवाद म्हणून ते साध्या ठोकळ्यांकडे बोट दाखवतात, कारण ठोकळ्यांना आधीपासून ठरलेला अर्थ नसतो. शेवटी ते द्रव्याकडे वळतात. लाकूड झिजते पण फुटत नाही, मुलाबरोबर राहते, हाताशी त्याचे नाते हळूहळू बदलत जाते. प्लास्टिकचे खेळणे मात्र लवकर मरते आणि मेल्यावर मुलासाठी त्याचे काहीच उरत नाही.

हे सगळे वाचताना विद्यार्थ्याला एकाही बाहेरच्या संदर्भाची गरज पडत नाही, आणि तरीही संस्कृती-समीक्षेची मुख्य हालचाल त्याच्या डोळ्यांदेखत पूर्ण होते. जी गोष्ट स्वाभाविक वाटत होती ती कोणीतरी घडवलेली आहे आणि ती कोणाच्या तरी जगाची बाजू घेते, हे त्याला वस्तूवरच दिसते; घडवलेली गोष्ट अशी स्वाभाविक भासवली जाते, तिलाच बार्थ ‘मिथक’ म्हणतात. अन्यथा हे तत्त्व फळ्यावर लिहून द्यावे लागते आणि विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात.

याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. या निबंधात उघड्या जागा आहेत आणि त्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सापडतात. पहिली म्हणजे, सबंध निबंधात खेळणारे एकही प्रत्यक्ष मूल नाही. बार्थ खेळण्यांकडे पाहतात आणि त्यांच्यावरून मुलाचे काय होत असेल ते ठरवतात. पण मुले खेळण्यांचे ऐकतात का? डॉक्टरच्या संचातील नळीचा दोर करणारे आणि टपालाच्या पेटीत किडे ठेवणारे मूल या निबंधात कुठे बसते? दुसरी उघडी जागा लाकडाच्या स्तुतीची. आधीची सगळी पाने ‘स्वाभाविक’ दिसणाऱ्या गोष्टींवर संशय घ्यायला शिकवतात आणि शेवटी लेखक स्वतःच लाकडाला नैसर्गिक, उबदार आणि काव्यमय ठरवून मोकळा होतो. ही त्यांची ठाम भूमिका आहे की गतकाळाची ओढ, यावर वर्गात चांगली चर्चा होईल. त्याच पुस्तकात प्लास्टिकवर एक स्वतंत्र लेख आहे आणि त्यात प्लास्टिकच्या कोणतेही रूप घेण्याच्या क्षमतेबद्दलचे कुतूहल व त्याच्या सामान्यपणाबद्दलची नापसंती ही दोन्ही एकत्र दिसतात. चुणचुणीत विद्यार्थ्यांना तो पुढे वाचायला द्यावा आणि लेखकाला त्याच्याच दुसऱ्या लेखासमोर उभे करायला सांगावे. तिसरी जागा यादीची. सात-आठ उदाहरणांवरून ‘सर्व खेळणी’ म्हणता येते का, हा प्रश्न साहित्याबाहेरील शाखांतील विद्यार्थीच बहुधा आधी विचारतील. त्यांना तो विचारू द्यावा आणि लगेच उत्तर देण्याची घाई करू नये.

प्रत निवडताना एक लक्षात ठेवावे. १९७२ चा ॲनेट लेव्हर्स यांचा इंग्रजी अनुवाद हा मूळ पुस्तकातील निवडक लेखांचा आहे आणि पूर्ण पुस्तक इंग्रजीत २०१२ मध्ये आले. खेळणी, प्लास्टिक आणि शेवटचा सैद्धान्तिक लेख हे तिन्ही जुन्या निवडीतही असल्याने कोणतीही आवृत्ती चालेल.

शिकवण्यासाठी दोन तास धरा. पहिल्या तासाला लेखकाचा परिचय, संरचनावाद, चिन्हविज्ञान यांपैकी काहीही सांगू नका. प्रत्येकाला लहानपणीच्या एका खेळण्याबद्दल पाच-सहा ओळी लिहायला सांगा: ते कशाचे बनले होते, त्याच्याशी नेमके काय खेळले जायचे, आणि ज्यासाठी ते बनवले होते त्याहून वेगळे काही त्याचे केले होते का. शेवटचा प्रश्न गाळू नका, कारण पुढे बार्थ यांच्या विरोधात उभा राहणारा पुरावा त्यातूनच येणार आहे. त्यानंतर निबंध मोठ्याने वाचावा, एका विद्यार्थ्याने एक परिच्छेद याप्रमाणे, आणि प्रत्येक परिच्छेदाखाली एकच वाक्य लिहून घ्यावे, तेही या परिच्छेदात लेखक कोणता दावा करतो हे सांगणारे. लिहिलेल्या ओळी आणि दावे यांची गाठ दुसऱ्या तासाला घालावी. कोणाचे खेळणे लेखकाचे म्हणणे सिद्ध करते, कोणाचे खोडून काढते, आणि ज्याचे खोडून काढते त्याला बार्थ काय उत्तर देतील? हा तिसरा प्रश्न अवघड आहे. इथे विद्यार्थ्याला स्वतःचे मत काही वेळ बाजूला ठेवून दुसऱ्याच्या युक्तिवादाच्या आत शिरावे लागते, आणि आपले सहकारी ज्या सवयीची काळजी करतात ती सवय हीच आहे.

सिद्धान्ताची एक पायरी चढायची असेल तर शेवटच्या लेखातील एकच उतारा जोडावा. न्हाव्याच्या दुकानात बार्थ यांच्या हातात ‘पारी-माच’ या साप्ताहिकाचा १९५५ सालचा अंक पडतो. मुखपृष्ठावर फ्रेंच गणवेशातील एक कृष्णवर्णीय तरुण डोळे वर करून सलाम करतो आहे. चित्र एवढेच दाखवते, पण ते सांगते असे की, फ्रान्स हे महान साम्राज्य आहे आणि त्याची सगळी लेकरे वर्णभेदाशिवाय त्याच्या ध्वजाखाली निष्ठेने उभी आहेत. अल्जीरियातील स्वातंत्र्ययुद्धाला १९५४ च्या नोव्हेंबरात तोंड फुटले होते एवढी एक माहिती आपण दिली, की हे चित्र त्या वेळी काय काम करत होते ते वर्ग स्वतःच सांगेल. आधी खेळण्याकडे पाहिलेले असल्यामुळे दाखवलेली गोष्ट आणि तिच्या आडून सांगितलेली गोष्ट यांतील फरक विद्यार्थ्यांना पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्याकडे चार-पाच तास असतील आणि वर्गाला गोष्टींची आवड असेल, तर दुसरी एक निवड मला तितकीच प्रिय आहे. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४० मध्ये ‘होरायझन’ मासिकात मुलांसाठी निघणाऱ्या स्वस्त साप्ताहिकांवर दीर्घ निबंध लिहिला. त्या कथांतील श्रीमंत निवासी शाळा, कधीही न बदलणारे जग, ठरावीक साच्यातले विनोदी परदेशी, गरिबीचा आणि संपांचा नसलेला उल्लेख, हे सारे त्यांनी अंक समोर ठेवून दाखवले आणि या कथा मुलांच्या मनात एका विशिष्ट राजकीय वृत्तीची बीजे पेरतात असा निष्कर्ष काढला. पुढे जे झाले ते वर्गासाठी फारच मोलाचे आहे. त्यांतील अनेक कथांचे लेखक फ्रँक रिचर्ड्स यांनी त्याच वर्षी त्याच मासिकात सविस्तर उत्तर दिले. तीस वर्षे चाललेली मालिका एकाच माणसाने लिहिणे जवळजवळ अशक्य आहे, असे ऑर्वेल यांनी गृहीत धरले होते. रिचर्ड्स यांनी सांगितले की तो माणूस मीच आहे. या बाबतीत समीक्षक चुकला, पण त्याने त्याचा मुख्य युक्तिवाद कोसळतो का? आणि मुलांना सुरक्षित, आनंदी जग दाखवण्यात गैर काय, हा रिचर्ड्स यांचा प्रश्न टाळता येतो का? निबंध मोठा असल्याने निवडक उतारे द्यावे लागतील, रिचर्ड्स यांचे उत्तर मात्र शक्य तितके पूर्ण द्यावे. समीक्षेला तिच्या विषयाकडूनच उत्तर मिळते असा प्रसंग विद्यार्थ्यांना क्वचितच पाहायला मिळतो.

रेमंड विल्यम्स यांचा संस्कृती ही सामान्य बाब आहे असे सांगणारा १९५८ चा निबंध अनेक जण सुचवतील. त्याचा आरंभ अप्रतिम आहे. कॅथीड्रलपासून निघालेली बस वेल्सच्या सीमेवरील डोंगरांकडे जाते, आणि रेल्वेच्या सिग्नलमनचा मुलगा केंब्रिजला पोहोचतो पण तिथल्या चहाच्या दुकानात ‘सुसंस्कृत’ म्हणून मिरवणाऱ्यांमुळे अस्वस्थ होतो. मधला भाग मात्र साहित्यसमीक्षक एफ. आर. लीव्हिस आणि मार्क्सवादी यांच्याशी चाललेला वाद आहे आणि त्यात नवखा वाचक हरवतो. पहिला एक-तृतीयांश भाग घ्यावा. बेल हुक्स यांच्या १९९२ च्या ‘ब्लॅक लुक्स’ या संग्रहातील प्रतिरोधक नजरेवरील निबंधाची सुरुवातीची पानेही अशीच घेता येतात. मोठ्यांकडे टक लावून पाहिल्याबद्दल लहानपणी झालेल्या शिक्षेची आठवण सांगून त्या पडद्याकडे पाहणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांकडे वळतात. पाहण्याचा अधिकार कोणाला असतो हा प्रश्न बार्थ किंवा ऑर्वेल यांच्यापेक्षा इथे अधिक तीव्रतेने येतो, त्यामुळे सत्रात दुसऱ्या वाचनासाठी जागा असेल तर ही पाने मी सर्वांत आधी घेईन. चिनुआ अचेबे यांचे कॉनरॅडविषयीचे १९७५ चे व्याख्यान विलक्षण आहे, पण ज्या कादंबरीवर ते आहे ती ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ वर्गाने वाचली असेल तरच.

आता परीक्षेबद्दल, कारण उत्तरपत्रिकांचा प्रश्न आपणच उपस्थित केला आहे. ‘बार्थ यांची मिथकाची संकल्पना स्पष्ट करा’ असा प्रश्न विचारला तर निबंध कितीही सुलभ असला तरी आपलीच वाक्ये परत येतील. त्याऐवजी एखाद्या ताज्या वस्तूचे किंवा जाहिरातीचे चित्र प्रश्नपत्रिकेतच छापावे, निबंधातील एक दावा त्याखाली द्यावा आणि तो या चित्राला कुठपर्यंत लागू पडतो व कुठे थांबतो हे दीड पानात लिहायला सांगावे. गुण देताना, विद्यार्थ्याने चित्रातील किती तपशील नेमकेपणाने टिपले हे आधी पाहावे, त्या तपशिलांवरून तो दाव्यापर्यंत कसा पोहोचला हे त्यानंतर, आणि परिभाषेतील शब्द त्याने वापरले की नाहीत हे सर्वांत शेवटी. ही गुणांची विभागणी निबंध वाचायला सुरुवात करण्यापूर्वीच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, म्हणजे तीन पानांत नेमके काय शोधायचे आहे हे त्यांना पहिल्या तासापासूनच ठाऊक असेल.